जुनं पाणी

परवा ठाण्याहून भाच्याचा फोन आला. वाढदिवसाला मिळालेल्या फिश टँकमधले नऊच्या नऊ मासे तीन दिवसांत गेले. पोरगा अकरा वर्षांचा. रडू आवरत म्हणाला, "मामा, मी रोज सगळं पाणी बदलत होतो रे, तरी मेले."

"तरी" नाही बाळा, "म्हणून". पण हे फोनवर तेव्हा बोलवेना. शनिवारी येतो म्हटलं आणि फोन ठेवला. ताई हा ब्लॉग वाचते, त्यामुळे त्याला नीट समजावून सांगायचं ते इथेच लिहून ठेवतोय. नेहमीच्या वाचकांनी सवयीप्रमाणे सांभाळून घ्यावं, कारण मी दोन ओळींत सांगायची गोष्ट खाडीपर्यंत नेणार आहे.

मी नावड्याला राहायला आलो त्या वर्षी मलाही हाच छंद लागला होता. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी. हिशेबाने छप्पन्न लीटर पाणी. दुकानदाराने हायपोचे खडे दिले होते. (फोटो स्टुडिओत फिल्म धुवायला वापरायचे तेच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ते क्षणात मारतात.) ते टाकले, हवेचा पंप लावला, स्पंजचा फिल्टर लावला आणि त्याच संध्याकाळी चौदा मासे सोडले. दर रविवारी पेटी गॅलरीत नेऊन रिकामी करायची, खडी घासायची, स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र करायचा. बायको म्हणायची, घरातली भांडी इतकी घासलीस तर बरं. महिन्याभरात चौदातला एक उरला. तो पण एका पायावर... म्हणजे एका परावर म्हणा.

आमच्या इमारतीच्या गेटाशी एक बाकडं होतं. गावठाणातले एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी तिथे येऊन बसत. जातीने आगरी, पूर्वी शेती आणि खाडीवर मासेमारी दोन्ही केलेली. सगळे त्यांना बाबा म्हणत. मेलेला मासा कागदात गुंडाळून मी खाली नेत होतो, तर त्यांनी थांबवलं, कागद उघडून पाहिला. मग वर आले, पेटीजवळ वाकले, पाण्यात बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाले, "बाला, पानी नवा हाय. जुना होवं दे, मंग सोर मासा."

मला वाटलं म्हातारबुवांना स्वच्छतेचं वावडं दिसतंय. त्यांचं म्हणणं पटायला मला बरीच पुस्तकं वाचावी लागली, आणि त्यांच्याकडे ते कुठून आलं हे कळायला त्यांच्याबरोबर कितीतरी संध्याकाळी बसावं लागलं.

पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आतल्या खाऱ्या जमिनीत भात पिकवायचं, हा इथला शेकडो वर्षांचा उद्योग. एकोणिसाव्या शतकातल्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या गॅझेटियरांमध्ये शिलोत्रीची माहिती येते. बांध घालून तो राखणारा तो शिलोत्रदार, आणि त्या राखणीबद्दल आत कसणाऱ्यांनी त्याला धान्याच्या रूपात वाटा द्यायचा. पुढे १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आला, आणि बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारी खात्याकडे गेली. बांधाला पाणी सोडायला जे दार असतं त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी उघाडीतून बाहेर जातं, भरतीला दार बंद. साधी गोष्ट, पण ती एकदा चुकली की दोन-चार वर्षं त्या शेतात भात नाही.

या सगळ्यात मासा कुठून आला? तर उघाडीतूनच. जिताडा हा मासा अंडी घालतो खाऱ्या पाण्यात, पण त्याची पिल्लं पावसाळ्यात भरतीबरोबर खाडीत, ओढ्यांत, थेट भाताच्या खाचरांपर्यंत चढतात. खारं, मचूळ, गोडं, कुठलंही पाणी त्याला चालतं. खारेपाटातले लोक ही बोटभर पिल्लं धरून घरामागच्या तळ्यात सोडत आणि वाढवत. वर्षभरात मासा किलोच्या घरात जातो, तळ्याचं पाणी टिकलं तर आणखी मोठा होतो. लग्नकार्य, जावयाचं येणं, गौरी-गणपतीनंतरचं जेवण, अशा वेळी तळ्यात जाळं पडे. आणि रायगडात कुणालाही विचारा, सरकारी कचेरीतलं अडलेलं काम जिताडा सोडवतो ही गोष्ट तो हसत हसत सांगेल. खरं खोटं ते तळं जाणे.

म्हणजे घरी मासे पाळणं ही काही आमच्याकडे काचेच्या पेटीबरोबर आलेली गोष्ट नाही. राजेरजवाड्यांत तर ती त्याहून जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. राजाने मन कसं रमवावं याच्या प्रकरणांत त्यात एक मत्स्यविनोदही आहे. माशांच्या जाती, त्यांना काय खायला घालावं, गळ कसा टाकावा, सगळं. पण राजाचा विनोद आणि कुणब्या-आगऱ्याचं तळं यांत एक फरक आहे. राजाचा मासा मेला तर दुसरा येई.

बाबांच्या तळ्याचे नियम मी एका वहीत लिहून घेतले होते. पहिल्या पावसाचं पाणी तळ्यात घ्यायचं नाही, ते शेत धुऊन येतं, त्याला उघाडीची वाट दाखवायची. तळं कधी पूर्ण उपसायचं नाही, तळाशी हातभर जुनं पाणी आणि चिखल राहू द्यायचा. पिल्लं सगळी एका मापाची सोडायची, कारण जिताडा आपल्याच भावंडाला गिळतो. (हे शास्त्रानेही खरं आहे. आणखी एक गंमत म्हणजे जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. हे बाबांना सांगितल्यावर ते खूप वेळ गप्प बसले होते.) ढगाळ, बिनवाऱ्याच्या पहाटे मासे वर येऊन तोंड वासायला लागले की तळ्यात उतरून फांदीने पाणी झोडपायचं. आणि जेवढं खाईल तेवढंच टाकायचं. उरलेलं सडलं की पहिल्यांदा पाणी मरतं, मासा त्याच्या नंतर.

आता यातला एकेक नियम मी नंतर छापील अक्षरांत वाचला, निराळ्या भाषेत.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. १८४९ साली त्याने काचेच्या एका मोठ्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि वॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. ही लांब फितीसारख्या पानांची वनस्पती आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते. झाड प्राणवायू देईल, मासे जगतील, पाणी बदलावं लागणार नाही, असा त्याचा हिशेब. सुरुवातीला जमलं, मग पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवी साय धरली. तेव्हा त्याने पाच-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, काच साफ केली, वर त्यांची अंडी माशांना खाऊ झाली. भांडं स्थिरावलं. १८५० साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं, १८५४ मध्ये फिलिप गॉसने ॲक्वेरियम हा शब्द रूढ केला आणि विलायतेत दिवाणखान्यातल्या पेट्यांची साथच आली. पेट्या घेणाऱ्यांतले बहुतेक माझ्यासारखेच असणार. वॉरिंग्टनचं भांडं सगळ्यांना दिसलं, त्याच्या गोगलगायी फारशा कुणी पाहिल्या नाहीत.

पण जुनं पाणी म्हणजे नक्की काय, याचं उत्तर वॉरिंग्टनकडेही पूर्ण नव्हतं. ते १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राड्स्कीच्या कामातून आलं. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. तो माशाला विष. काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे माशाला बरंच सोसतं आणि झाडांना तर खत. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, खडीवर, काचेवर, स्पंजवर, चिखलात चिकटून राहतात. नव्या पेटीत ते नसतात. त्यांना रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. दर रविवारी स्पंज पांढराशुभ्र करणारा मी दर रविवारी त्यांची वस्ती उठवत होतो, आणि जे वाचत होते त्यांना नळातलं क्लोरीन संपवत होतं. हायपोने क्लोरीन जातं, अमोनिया जात नाही. बाबांचा तळाशी राखलेला हातभर चिखल हा त्यांचा फिल्टर होता.

तेव्हा भाच्या, तुझ्यासाठी: पेटी भर, पाणी एक रात्र उघडं ठेव किंवा हायपो टाक, झाडं लाव, दोन गोगलगायी सोड, आणि महिनाभर मासे आणू नकोस. गोगलगायींच्या आधी रोज चिमूटभर माशांचं खाणं टाक, म्हणजे जिवाणूंना काम मिळेल. नंतर एकदम नऊ नाही, आधी तीन. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही. स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत, नळाखाली नाही. दोन मिनिटांत संपेल एवढंच खायला घालायचं. पेटी थेट उन्हात ठेवू नकोस, शेवाळ धरेल. संपलं.

पहिले तीन कोणते? गप्पी आण. त्यांचं नाव ऐकून मला लहानपणी वाटायचं की हे मासे आपापसांत गप्पा मारतात. खरं तर ते एका माणसाचं आडनाव आहे. त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट लेचमियर गप्पी यांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाठवले आणि १८६६ साली तिथे माशाला त्यांचं नाव दिलं गेलं. नंतर कळलं की विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून १८५९ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलंय. शास्त्रीय नाव पीटर्सचं राहिलं, लोकांच्या तोंडी गप्पी.

हा मासा आपल्याकडे शोभेपेक्षा डासांसाठी जास्त ओळखीचा झाला, आणि त्याला मुंबईचा इतिहास आहे. रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. त्यानंतर मुंबईत शोध सुरू झाला की इथला डास वाढतो कुठे. डॉ. बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये आला. उत्तर होतं, विहिरींत. मुंबईतला हिवतापाचा डास दलदलीतला नव्हता, तो घरंदाज होता, वाड्यातल्या विहिरीतलं आणि टाक्यातलं स्वच्छ पाणी त्याला लागे. मग विहिरी बुजवा, निदान घट्ट झाकणं बसवा, असा लकडा लागला. विहिरीशी ज्यांचा धर्म जोडलेला होता ते साहजिकच बिथरले, त्यात पारशी आघाडीवर. (चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर अजून आहे, मी लहानपणी तिच्यावरून कितीदा गेलो असेन.) झाकण आणि श्रद्धा यांच्या भांडणात मासा ही सगळ्यांना सोसणारी तडजोड होती. अळ्या खाणारे मासे पाण्यात सोडायचे. १९२८ साली गॅम्बुसिया नावाचा गप्पीचा चुलतभाऊ इटलीमार्गे भारतात आणला गेला, तोही याच कामासाठी. आजही पावसाळ्याच्या तोंडावर हिवताप विभागाची माणसं डबक्यांत, टाक्यांत गप्पी मासे सोडताना दिसतात.

इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. परक्या पाण्यातला मासा बंद टाकीत ठीक, पण ओढ्यात, तळ्यात सोडला की तो अळ्यांवर थांबत नाही, इथल्या माशांची अंडी-पिल्लंही खातो. गॅम्बुसियाने जगभर हेच केलं. आणि आपल्या शोभेच्या पेट्यांनीही कमी केलेलं नाही. काच चाटणारा तो काळा खवल्यांचा सकर मासा हातभर वाढला की लोक दया म्हणून नदीत सोडून येतात. देशातल्या कित्येक नद्यांमध्ये आता तो जाळी फाडतोय. थाई मागूरच्या पालनावर तर केंद्र सरकारला २००० साली बंदी घालावी लागली. तेव्हा पेटी नकोशी झाली तर मासे दुकानात परत द्या, ओळखीच्याला द्या, पण तलावात नको. गणपतीच्या दिवसांत विसर्जनाबरोबर हेही पुण्य उरकणारे लोक मी पाहिलेत.

अर्थात आमच्या कासाडीत सोडला असता तर तो फार दिवस टिकला नसता.

कासाडी ही आमची नदी. तळोजा औद्योगिक वसाहतीला लागून वाहते आणि खाडीला मिळते. बाबांच्या तळ्यात येणारी जिताड्याची पिल्लं याच वाटेने येत. पाण्यातली घाण कुजवायला किती प्राणवायू खर्ची पडतो ते मोजायचं एक माप असतं, बीओडी म्हणतात त्याला. लीटरमागे सहा मिलिग्रॅमच्या वर गेलं की माशांना धोका. २०१६ साली नवी मुंबई महापालिकेने तपासलेल्या कासाडीच्या पाण्यात ते ८० निघालं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळे कुत्रे दिसले, ते फोटो जगभर गेले, तेव्हा कुठे एक कारखाना बंद झाला. प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत पोचलं. पण कुत्रा निळा झाला तो दिसला. मासे त्याआधी कित्येक वर्षं कमी होत होते, त्यांचा फोटो कुणी काढणार? खाडीत जाणाऱ्यांनी तो हिशेब आपल्या जाळ्याच्या वजनावरून ठेवला होता.

८० हा आकडा मी बाबांना सांगितला. त्यांना आकड्याचं काही वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "मंजे पहाटं फांदी मारून भागनार नाय?" मी म्हटलं, नाही बाबा.

त्यांचं तळं तोवर कधीच भरावाखाली गेलं होतं. तिथे आता रस्ता आहे, दोन्ही बाजूंना इमारती. याबद्दल ते गळा काढत नसत. मुलाचं दुकान त्याच पैशावर झालं, नातवाचं शिक्षणही, हे ते आवर्जून सांगत. खाऱ्या जमिनीतलं भात आणि पावसाळाभर पायाला चिकटलेला चिखल यांत रम्य असं काही नव्हतं, असंही म्हणत. फक्त एकदा मी त्यांना कळंबोलीचा धारण तलाव दाखवायला घेऊन गेलो होतो. नवी मुंबईची बरीच जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून सिडकोने पावसाचं पाणी साठवायला असे तलाव बांधले. ओहोटीला झडप आपोआप उघडते, भरतीला मिटते. मी मोठ्या उत्साहाने हे डच पद्धतीचं तंत्र समजावत होतो. ते झडपेकडे बघत राहिले, मग म्हणाले, "उघारी हाय की." आणि पाण्याचा वास घेऊन मागे फिरले.

जिताड्याची पिल्लं आता हॅचरीतही होतात. थायलंडने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते साधलं, आपल्याकडे चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये. कोकणच्या खाड्यांमध्ये पिंजऱ्यांत जिताडा वाढवण्याचे प्रयोग चालतात आणि ते चालावेत. पण पिंजरा खाडीतच असतो, पाणी बदलायची सोय तिथे कुणाच्या हातात नाही.

बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. माझी पेटी अजून आहे. पहिल्या सहा आठवड्यांत ते रोज वर येऊन रिकाम्या पाण्यात बघत आणि नुसती मान हलवत. एका संध्याकाळी बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाले, आण आता. सात गप्पी आणले, वर्षाच्या आत चाळीसेक झाले. त्यांना ते दिसायला आवडत, पण एवढ्या बारीक माशाचं कालवण होत नाही ही त्यांची खंत शेवटपर्यंत राहिली.

तर शनिवारी ठाण्याला गेलो. भाच्याबरोबर पेटी भरली. माझ्या टँकमधल्या स्पंजचा एक तुकडा ओल्या डब्यात घालून नेला होता, तो त्याच्या फिल्टरमध्ये बसवला, म्हणजे जिवाणूंची वस्ती जरा लवकर बसेल. त्याला तो तुकडा घाणेरडा वाटला. ताईलाही. वॅलिसनेरिया लावलं, गोगलगायी मात्र दोन आठवडे थांबून, अमोनिया उतरल्यावर सोडायच्या ठरल्या. रिकामी पेटी बघायला येणाऱ्या मित्रांना काय सांगू, असं त्याने विचारलं. म्हटलं सांग, पाणी ठेवलंय.

हे सगळं लिहून पुरं करायला तीन आठवडे लागले. काल त्याचा फोन आला. गोगलगायीने काचेवर अंडी घातलीत, भिंग लावलं की आतलं हलताना दिसतं म्हणे. मासे कधी आणायचे ते विचारायचं विसरला.